प्रोबेटची सक्ती गेली, कर्त्याची जबाबदारी वाढली

मुलुंडचा नाका ओलांडला की मुंबई संपते आणि ठाणे सुरू होते. प्रवाशाच्या दृष्टीने या सीमेला फारसा अर्थ नाही. लोकल तीच, माणसे तीच, कुटुंबेही बहुधा एकच. थोरला भाऊ कांजूरमार्गला राहतो आणि धाकटा ठाण्याला, अशी शेकडो घरे आपल्या परिचयाची असतील. परंतु वडिलांनी मागे ठेवलेल्या मृत्युपत्राच्या दृष्टीने ही सीमा अनेक दशके अत्यंत महत्त्वाची होती. ठाण्यातील सदनिका मृत्युपत्राने मुलाला दिली असेल तर ते मृत्युपत्र पुढे करून व्यवहार सुरू करता येत असे. तशीच सदनिका कांजूरमार्गला असेल तर मात्र उच्च न्यायालयात अर्ज करून त्या मृत्युपत्राचे प्रोबेट घेतल्याशिवाय त्याआधारे न्यायालयात हक्क सिद्ध करता येत नसे. एकाच पित्याने, एकाच कागदावर, एकाच दिवशी केलेल्या दोन वाटण्यांना दोन नियम लागू होत असत.

ही विषमता आता संपुष्टात आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने ७१ कालबाह्य कायदे रद्द केले आणि त्याबरोबरच १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ वगळले. २० डिसेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींची त्यास संमती मिळाली. प्रोबेटची सक्ती ज्या कलमात होती ते हेच कलम. या बदलाचे स्वागत करावयासच हवे. तथापि, ‘आता प्रोबेट नको, म्हणजे कटकट मिटली’ असा सोयीस्कर अर्थ जो घरोघर लावला जात आहे, तो घातक आहे. आजवर जे काम न्यायालय सक्तीने करून घेत होते, ते यापुढे कुटुंबाच्या कर्त्याला हयातीतच आणि स्वेच्छेने करून ठेवावे लागणार आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच मुद्दा वाचकांच्या गळी उतरविणे हा आहे.

सक्ती आली कोठून?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे, ते करणाऱ्याने शुद्धीत व स्वेच्छेने केले आहे, आणि त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला, म्हणजे एक्झिक्युटरला, त्याप्रमाणे वागण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने दिलेले प्रमाणपत्र. ते देण्यापूर्वी न्यायालय वारसांना नोटिसा काढते, आक्षेप मागवते, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र घेते. कोणी आक्षेप घेतला तर त्या अर्जाचे दाव्यात रूपांतर होते आणि मग वर्षांची मोजदाद सुरू होते.

या सक्तीचे मूळ इंग्रजी राजवटीत आहे. १८७० साली हिंदू विल्स ॲक्ट झाला आणि तो बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या प्रदेशास तसेच मद्रास व मुंबई या शहरांस लागू करण्यात आला. इंग्रजांची उच्च न्यायालये जेथे प्रथम बसली आणि व्यापारी पैसा जेथे साठला, तेथेच हा नियम आला. १९२५ च्या कायद्याने तीच चौकट कायम ठेवली. पुढे बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली मुलुंड आणि दहिसरपर्यंत सरकली आणि मिठागरांच्या कडेने वसलेली आपली उपनगरेही त्या नियमाखाली आली. पुण्याच्या, नाशिकच्या वा नागपूरच्या गृहस्थाला ज्याची गरज नव्हती, ते मुंबईकराला बंधनकारक झाले.

भेद केवळ स्थळाचा नव्हता, धर्माचाही होता. या महानगरांतील हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना सक्ती होती. पारशी समाजाला १९६२ च्या दुरुस्तीने ती लागू झाली. मुसलमानांना ती कधीच नव्हती आणि भारतीय ख्रिश्चनांना २००२ साली तीतून वगळण्यात आले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला होता. त्यामुळे हा प्रश्न शेवटी संसदेनेच सोडविणे आवश्यक होते आणि तो तसा सुटला, हे योग्यच झाले. एकाच देशातील नागरिकाच्या अखेरच्या इच्छेला त्याचा धर्म आणि त्याच्या घराचा पिनकोड पाहून वेगळे नियम लावणे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नव्हते.

सक्ती गेली, सोय उरली

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. गेली ती सक्ती. प्रोबेट ही व्यवस्था गेलेली नाही. ज्याला हवे त्याला आजही न्यायालयात अर्ज करून प्रोबेट घेता येते. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला नसेल तर ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ मागता येतात. आणि काही प्रसंगी ती घेणेच शहाणपणाचे ठरेल. कारण प्रोबेटचा निर्णय हा केवळ दोन पक्षांपुरता नसतो, तो सर्व जगाविरुद्ध लागू असतो. एकदा प्रोबेट मिळाले की दहा वर्षांनी कोणी दूरचा पुतण्या येऊन ‘सही काकांची नव्हेच’ असे सहजासहजी म्हणू शकत नाही. प्रोबेट नसेल तर तो प्रश्न कायम उघडा राहतो. मृत्युपत्राच्या आधाराने घेतलेले घर विकावयास काढले, इमारत पुनर्विकासाला गेली, कर्जासाठी बँकेत कागद ठेवले, की प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी विचारणारच की, हे मृत्युपत्र खरे कशावरून?

म्हणून ज्या घरात वारसांमध्ये आधीच कुरबूर आहे, जेथे एखाद्या अपत्याला वगळले आहे वा कमी दिले आहे, किंवा जेथे मालमत्ता मोठी व गुंतागुंतीची आहे, तेथे सक्ती नसतानाही प्रोबेट घ्यावे. महाराष्ट्रात त्याच्या न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा बरीच वर्षे ७५ हजार रुपये राहिली. पुढे भावाभावांत होणाऱ्या दिवाणी दाव्याच्या खर्चाशी आणि मनस्तापाशी तुलना केली तर हा खर्च फार नव्हे. ज्या घरात एकोपा आहे, मृत्युपत्र स्पष्ट आहे आणि सर्व वारस संमती द्यावयास तयार आहेत, त्या घराला मात्र नव्या बदलाचा खरा लाभ मिळेल. याचाच अर्थ असा की, लाभ मिळण्याची पहिली अट ‘मृत्युपत्र स्पष्ट आहे’ ही आहे. ती अट पूर्ण करणारी घरे आपल्याकडे किती?

लोकमान्यांना भोगावे लागलेले मृत्युपत्र

अखेरच्या घटकेला केलेले मृत्युपत्र किती जणांना होरपळविते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण ताईमहाराज प्रकरणाचे आहे. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे लोकमान्य टिळकांचे स्नेही. ७ ऑगस्ट १८९७ रोजी ते निधन पावले. राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेलेले टिळक नुकतेच जामिनावर सुटून आले होते. मृत्यूच्या दिवशीच बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि टिळक, दादासाहेब खापर्डे आदी मंडळींना विश्वस्त नेमले. पत्नी गरोदर होती. पुत्र न झाल्यास किंवा झालेला पुत्र न जगल्यास विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तरतूद त्यात होती. पुत्र झाला, पण तो १८९८ मध्येच वारला. इस्टेटीवर कर्ज होते. दत्तक कोणाला घ्यावयाचे हा प्रश्न मृत्युपत्राने मोकळाच ठेवला होता.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. १९०१ साली औरंगाबाद येथे जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. नंतर ताईमहाराजांचे मन फिरले, कोल्हापूरचा दुसरा दत्तक उभा राहिला आणि विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द करावे असा अर्ज न्यायालयात गेला. त्या चौकशीतून टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला उभा राहिला, १९०३ साली त्यांना शिक्षा झाली आणि ४ मार्च १९०४ रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा १९०६ साली टिळकांच्या बाजूने लागला; १९१० साली ते मंडालेच्या तुरुंगात असताना उच्च न्यायालयाने तो फिरविला; आणि अखेर १९१५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तक ग्राह्य धरले. बाबामहाराजांच्या मृत्यूपासून अठरा वर्षे लोटली होती. ताईमहाराज स्वतः १९०३ सालीच निवर्तल्या होत्या.

या प्रकरणात सरकारची टिळकांवरील वक्रदृष्टी होती, हे खरेच. मरणोन्मुख मित्राला दिलेला शब्द लोकमान्यांनी अब्रू पणाला लावून पाळला, म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. तोही यथार्थ आहे. परंतु गृहस्थाच्या नजरेने पाहिले तर यातून आणखी एक बोध निघतो. हा सारा वणवा पेटण्यास जागा मिळाली ती अखेरच्या दिवशी, घाईत, भविष्यातील निर्णय दुसऱ्यांवर सोपवून केलेल्या कागदामुळे. तेथे प्रोबेटही होते आणि टिळकांसारखा विश्वस्तही होता. तरीही तंटा टळला नाही. मग प्रोबेट नाही आणि विश्वस्तही नाही, अशा सामान्य घरातील मोघम मृत्युपत्राचे काय होईल, याची कल्पना करावी.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक समज घट्ट रुजलेला आहे. ‘सोसायटीत नॉमिनेशन केले आहे, बँकेत नॉमिनी लावला आहे, मृत्युपत्र कशाला?’ हा समज निखालस चुकीचा आहे. नॉमिनी हा पैसे वा मालमत्ता ताब्यात घेऊन ती खऱ्या वारसांपर्यंत पोहोचविणारा विश्वासू मध्यस्थ असतो. तो मालक होत नाही.

या प्रश्नाचा अंतिम निकाल ज्या खटल्यात लागला तो मराठी माणसाला विशेष जवळचा आहे. घराघरांत भिंतीवर टांगलेल्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर २०१३ साली दिवंगत झाले. २०११ साली त्यांनी मृत्युपत्र केलेले होते. त्यांच्या पश्चात म्युच्युअल फंडातील गुंतवणुकीच्या नॉमिनींनी आपण त्या रकमेचे पूर्ण मालक झालो, असा दावा केला. त्यापूर्वी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी शेअरच्या बाबतीत नॉमिनीच मालक होतो असा निर्णय दिलेला होता. २०१६ साली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा दावा अमान्य केला. कंपनी कायद्यातील नामनिर्देशन हा उत्तराधिकाराचा तिसरा मार्ग नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वर्षाचे सण, तिथी आणि मुहूर्त ज्यांनी महाराष्ट्राला अचूक नोंदवून दिले, त्यांच्या घरातील प्रश्नही दहा वर्षे न्यायालयात राहिला, तर आपण किती दक्ष असावयास हवे!

गृहनिर्माण सोसायटीतही हीच स्थिती आहे. सहकार कायद्यात २०१९ साली समाविष्ट झालेल्या १५४ बी-१३ या कलमानुसार सभासदाच्या मृत्यूनंतर मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातील लेखी करार यांच्या आधारे हक्क वर्ग होतो; तोवर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी लावता येऊ लागले आहेत. ही सोय उत्तमच. परंतु चार नॉमिनी म्हणजे चार वाटेकरी नव्हेत, हे ठेवीदाराने जाणावे. सुज्ञ गृहस्थाने मृत्युपत्रातील लाभार्थी आणि नॉमिनी यांची नावे शक्यतो जुळवून ठेवावीत. निम्मे तंटे तेथेच मिटतात.

भाड्याची खोली आणि कोकणातले घर

पूर्व उपनगरांत, विशेषतः जुन्या चाळींतून, आणखी एक गैरसमज आढळतो. पागडीची खोली मृत्युपत्राने धाकट्या मुलाला दिली की ती त्याची झाली, असे अनेकांना वाटते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले की, भाडेकरूचा संरक्षित हक्क मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. भाडेकरूच्या मृत्युसमयी त्याच्यासमवेत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे तो कायद्याने जातो. तसे कोणी नसेल तर वारसांनी आपसांत ठरवावे किंवा न्यायालयाने ठरवावे. म्हणजे जे आपले नाही ते मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही.

तीच गोष्ट वडिलोपार्जित मालमत्तेची. कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळीच्या कितीतरी कुटुंबांचे मूळ घर रत्नागिरी वा सिंधुदुर्गात आहे आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची डझनभर नावे आहेत. त्या जमिनीत आपला जेवढा अविभक्त हिस्सा, तेवढाच मृत्युपत्राने देता येतो. त्या हिश्शाचा हिशेब करताना मुलींना विसरता येणार नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणे जन्मतःच सहदायाद झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ साली वडील हयात नव्हते एवढ्याच कारणाने तिचा हक्क जात नाही, असा निर्वाळा दिला. ‘बहिणींची सही काय, घेऊन टाकू’ हा जुना खाक्या आता चालणार नाही आणि चालूही नये.

याउलट स्वकष्टार्जित मालमत्तेचा मालक मृत्युपत्राने ती कोणालाही देऊ शकतो. मृत्युपत्र नसेल तर मात्र कायदाच वाटणी करतो आणि ती पुष्कळदा कुटुंबाच्या अपेक्षेपेक्षा निराळी असते. विवाहित मुलगा मृत्युपत्राविना गेला, तर त्याच्या मालमत्तेत पत्नी आणि मुलांबरोबर आईलाही समान वाटा मिळतो. वडिलांना मात्र पहिल्या श्रेणीत स्थान नाही. हे किती जणांना ठाऊक असते?

स्त्रियांनी मृत्युपत्र करावेच

सर्वाधिक उपेक्षा होते ती स्त्रीच्या मृत्युपत्राची. घर पतीच्या नावे, म्हणून मृत्युपत्र पतीने करावे, अशी रीत पडली आहे. आज मुली नोकरी करतात, स्वतःच्या नावे घर घेतात, भविष्य निर्वाह निधी जमवितात. परंतु हिंदू उत्तराधिकार कायद्यातील कलम १५ नुसार निपुत्रिक विधवा मृत्युपत्राविना मरण पावली तर तिच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले एक प्रकरण अंगावर काटा आणणारे आहे. विवाहानंतर तीनच महिन्यांत पती वारला आणि सासरच्यांनी त्या मुलीला घराबाहेर काढले. माहेरच्या आधाराने ती शिकली, नोकरी केली, चार पैसे गाठीला बांधले. १९९६ साली ती मृत्युपत्र न करता वारली. तिच्या पैशावर आईने हक्क सांगितला आणि चार दशके तिची विचारपूसही न करणाऱ्या सासरच्या नातलगांनीही सांगितला. न्यायालयाने कायद्याचे शब्द पाहून सासरच्यांच्या बाजूने कौल दिला. सहानुभूतीच्या आधारे कायदा बदलता येत नाही, अशीच ती भूमिका होती. एका कागदावर चार ओळी आणि दोन साक्षीदार असते तर हा अन्याय टळला असता. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले आहे. मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या समाजाने तरी ते कृतीत आणावे.

ट्रस्ट केव्हा?

‘ट्रस्ट’ म्हटले की बड्या उद्योगपतींची आठवण होते. सर रतन टाटा १९१८ साली निवर्तले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ साली उभा राहिलेला न्यास आजही कार्यरत आहे. परंतु खासगी ट्रस्ट ही केवळ श्रीमंतांची मिरास नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यानुसार कोणालाही तो करता येतो. हयातीत करारपत्राने किंवा मृत्युपत्रातूनही. ज्या घरात मतिमंद वा बहुविकलांग अपत्य आहे, त्या आईवडिलांच्या मनात ‘आमच्यामागे याचे कोण करील?’ हा प्रश्न रात्रंदिवस असतो. अशा अपत्याच्या नावे थेट रक्कम ठेवणे धोक्याचे असते. दोन वा तीन विश्वस्त नेमून, उत्पन्न त्याच्या औषधोपचारासाठी आणि निर्वाहासाठी खर्च करावे आणि पश्चात उरलेली रक्कम अमुकाला वा अमुक संस्थेला द्यावी, अशी व्यवस्था ट्रस्टमधून करता येते. अशा व्यक्तींसाठी पालक नेमण्याची तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे, तिचाही लाभ घ्यावा. अज्ञान नातवंडांच्या शिक्षणासाठीही हाच मार्ग उपयुक्त आहे.

मात्र विश्वस्त निवडताना नात्यापेक्षा चारित्र्य आणि वय पाहावे. सत्तरीतल्या मित्राला तीस वर्षांच्या जबाबदारीचा विश्वस्त नेमण्यात अर्थ नाही. त्यांची संमती आधी घ्यावी आणि एखादा विश्वस्त दिवंगत झाल्यास पुढे कोण, हेही लिहून ठेवावे. मालमत्ता समाजकार्याला द्यावयाची असेल तर ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाच, तिचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक नमूद करून द्यावी. ‘गावच्या देवळाला’ किंवा ‘गरीब विद्यार्थ्यांना’ अशा मोघम शब्दांतून सत्कार्य होत नाही, भांडण होते.

कागद कसा असावा?

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हस्ताक्षरातही करता येते. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही; तरीही दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून ठेवणे इष्ट, कारण त्यामुळे कागद गहाळ होण्याची वा बदलला जाण्याची भीती राहत नाही. मात्र नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र निर्विवाद ठरत नाही. अपरिहार्य आहेत ते दोन साक्षीदार. करणाऱ्याने त्यांच्यादेखत सही करावी वा सही आपलीच असल्याचे त्यांना सांगावे आणि त्यांनी त्याच्यादेखत सही करावी. पुढे वाद झाला तर, हयात असलेल्यांपैकी किमान एका साक्षीदाराने न्यायालयात येऊन सांगावे लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम आहे. म्हणून साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, पत्ता ठाऊक असलेले आणि ज्यांना त्या मृत्युपत्रातून काहीही मिळावयाचे नाही असे असावेत. फॅमिली डॉक्टर एक साक्षीदार असल्यास आणि प्रकृती व मनःस्थिती ठीक असल्याचे त्यांनी त्याच दिवशी लिहून दिल्यास फार उत्तम.

न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी सर्वोच्च न्यायालयात मृत्युपत्राच्या पुराव्याविषयी दिलेला एक निर्णय आज सहा दशकांनंतरही सर्व न्यायालयांत आधारभूत मानला जातो. लटपटती सही, दुर्बल मन, जवळच्या वारसाला अकारण वगळणे, लाभार्थ्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेणे, ही सारी संशयास्पद परिस्थिती होय आणि तिचे निरसन करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर आहे, असा त्याचा आशय आहे. यावरून गृहस्थाने घ्यावयाचा धडा सरळ आहे. मृत्युपत्र धडधाकट असताना करावे. ज्या मुलाला अधिक द्यावयाचे त्याने वकील आणून, गाडी करून, सही घ्यावयास नेऊ नये. आणि कोणाला कमी दिले असेल तर त्याचे कारण दोन वाक्यांत तेथेच नमूद करावे.

भाषाही नेमकी असावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवंगत झालेल्या रतन टाटा यांना उत्तमोत्तम कायदेपंडितांचा सल्ला उपलब्ध होता. तरीही स्वतंत्र उल्लेख नसलेले शेअर कोणाकडे जातात, याचा अर्थ लावून घेण्यासाठी त्यांच्या व्यवस्थापकांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने तो दिला. आपल्या मृत्युपत्रात सदनिकेचा क्रमांक, सोसायटीचे नाव, भाग दाखल्याचा क्रमांक, बँक खाती, दागिने, सर्व स्वच्छ लिहावे आणि शेवटी ‘याव्यतिरिक्त माझी जी मालमत्ता असेल वा पुढे होईल ती अमुकास’ हे वाक्य विसरू नये. अनेक मृत्युपत्रे याच एका वाक्याअभावी अपुरी राहतात.

काही जण मृत्युपत्राची दगदग नको म्हणून हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. महाराष्ट्रात राहते घर पत्नी, मुले वा नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये ठेवलेले असल्याने हा मोह वाढतो. परंतु बक्षीसपत्राने मालकी त्याच क्षणी जाते. मृत्युपत्र मात्र अखेरच्या श्वासापर्यंत बदलता येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले बक्षीस अट मोडल्यास रद्द करून घेण्याची तरतूद आहे खरी. पण म्हातारपणी स्वतःच्या घरासाठी मुलाविरुद्ध अर्ज करण्याची वेळ यावीच का? डोक्यावरचे छप्पर स्वतःच्या नावे असू द्यावे.

अभद्र नव्हे, कर्तव्य

या सर्वांच्या आड येते ती एक मानसिकता. मृत्यूचा विषय काढणे अभद्र मानले जाते. मुलाने काढला तर तो लोभी ठरतो, वडिलांनी काढला तर आई डोळ्याला पदर लावते. दुसरे कारण असे सांगितले जाते की, ‘आमच्याकडे वाटण्यासारखे आहेच काय?’ चाळीस वर्षांपूर्वी काही हजारांत घेतलेली दोन खोल्यांची जागा पुनर्विकासानंतर कोटीच्या घरात जाते, हे कांजूरमार्गच्या रहिवाशाला सांगण्याची गरज नाही. पैसा नव्हता तोवर ज्या भावंडांत एका ताटात जेवण्याचा जिव्हाळा होता, त्यांच्यात विकासकाच्या करारावर सह्या करण्याच्या वेळी बोलणे बंद होते. ज्या कुटुंबव्यवस्थेचा आपण अभिमान बाळगतो, तिला बाहेरच्या आक्रमणाइतकाच धोका या न लिहिलेल्या कागदाचा आहे.

आपल्या परंपरेने गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला. त्याचा आशय अरण्यात जाणे एवढाच नव्हे. हातातला कारभार शुद्धीत, स्वखुशीने आणि नीट हिशेब देऊन पुढच्या पिढीकडे सोपविणे, हा आहे. ज्याला मृत्यू हे सत्य म्हणून शिकविलेले आहे, त्याने मृत्युपत्राला भिण्याचे कारण नाही. साठी गाठलेल्या प्रत्येक दांपत्याने, पती आणि पत्नी यांनी स्वतंत्रपणे, आपले मृत्युपत्र करावे, दर पाच वर्षांनी ते वाचून पाहावे आणि ते कोठे ठेवले आहे हे व्यवस्थापकाला व मुलांना सांगावे. आपल्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघांनी, महिला मंडळांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी वर्षातून एक संध्याकाळ एखाद्या जाणत्या वकिलासाठी राखून ठेवावी. संसदेने मुंबईकराच्या मानेवरील दीडशे वर्षांचे जुने जोखड उतरविले आहे. आता वाटणी न्यायालयाने करावयाची की आपण, हे आपल्याच हाती आहे.